एक प्लेट आत्मा

आपल्याकडे आत्म्याच्या खाण्यापिण्याची चौकशी कोणी फारशी करत नाही. तो जळत नाही, भिजत नाही, वाळत नाही, एवढी माहिती मुंजीच्या वयापासून कानावर पडते. पण त्याला भूक लागते का, लागलीच तर तिखट चालतं का, याबद्दल थोरामोठ्यांनी मौनच पाळलेलं आहे. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या आत्म्याने निमूटपणे उपाशी राहायचं, आणि माणूस गेला की दहाव्या दिवशी भाताचा एक पिंड. तोही कावळ्याच्या मर्जीवर! मग कावळा शिवेना, की घाटावर कुजबूज सुरू होते, "अप्पांना भजी आवडायची हो," आणि धाकटा जावई सायकल काढून भज्यांच्या शोधात निघतो. आत्म्याच्या आवडीनिवडीचा विचार होतो तो असा, गिऱ्हाईक निघून गेल्यावर.

त्यामुळे डेन्मार्कमधल्या हेलसिंगोर गावच्या एका जुन्या गल्लीत, लाकडी पट्ट्यांच्या वाकड्या घरावर ‘सोल फूड’ अशी पाटी दिसली तेव्हा मी थबकलोच. सौभाग्यवतीने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "आत्म्याचं जेवण मिळेल." ती म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातलं असेल. चला."

हेलसिंगोर म्हणजे शेक्सपिअरचं एल्सिनोर. कोपनहेगनहून आगगाडीने पाऊण तासावर. हॅम्लेटचा तो किल्ला, क्रोनबोर्ग, इथेच समुद्रात पाय सोडून बसलेला आहे. शेक्सपिअर इथे कधी आल्याचा पुरावा नाही, पण त्याच्या नावावर गाव बिनदिक्कत तिकीट लावतं. नाटकात हॅम्लेटच्या बापाचं भूत या किल्ल्यावर रात्रीबेरात्री फेऱ्या मारतं. तेव्हा अतृप्त आत्म्यांची या गावाला जुनी सवय आहे. त्यांच्या जेवणाची सोय मात्र अलीकडे झालेली दिसते.

गावाची खरी मिळकत भुतांवर नव्हती, जकातीवर होती. समोर चार किलोमीटरवर स्वीडन, मध्ये चिंचोळी सामुद्रधुनी. १४२९ पासून १८५७ पर्यंत इथून जाणाऱ्या येणाऱ्या जहाजाने थांबायचं आणि डेन्मार्कच्या राजाला पैसे मोजायचे. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. मालाची किंमत कप्तानानेच सांगायची आणि त्यावर जकात भरायची. पण कमी किंमत सांगाल, तर त्या किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाचा! झालं, कप्तान हरिश्चंद्र झाले. आमच्याकडे जकातनाकी होती तेव्हा हा विचार कोणाला कसा सुचला नाही, कोण जाणे. बहुधा सुचला असेल आणि ज्याला सुचला त्याची बदली झाली असेल.

आमच्याबरोबर भाचा होता. हा कोपनहेगनला पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरीला आहे. आजोबांची पिठाची गिरणी होती, नातवाची वाऱ्याची. घराण्याचा व्यवसाय एका अर्थी सुटलेला नाही. तो म्हणाला, "मामा, इथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं पारंपरिक जेवण मिळतं. मस्त असतं. तुम्ही फक्त किमतीला बाराने गुणू नका."

आत पाच टेबलं. भर दुपारी प्रत्येक टेबलावर मेणबत्ती. डॅनिश माणसाला मेणबत्ती लावल्याशिवाय घास गिळत नाही. आपल्याकडे वीज गेल्याखेरीज मेणबत्ती सापडत नाही, आणि वीज गेल्यावर अंधारामुळे सापडत नाही. भिंतीवर गायक-गायिकांचे फोटो, हळू आवाजात अरेथा फ्रँकलिन. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मालकीणबाई: साठीच्या आसपासची, भरभक्कम, कपाळावर घाम, खांद्यावर पंचा. तिला पाहिल्याबरोबर मला माझी मावशी आठवली. अशा बाईच्या खाणावळीत पानात काही टाकून उठता येत नाही, हे तिला न ओळखताही ओळखलं.

सौभाग्यवती शाकाहारी. बाईने यादी वाचून दाखवली आणि भाच्याने भाषांतर केलं: चवळीची उसळ, तळलेली भेंडी, मक्याची भाकरी, रताळं, पालेभाजी. हिचा चेहरा पडला. "सात समुद्र ओलांडून श्रावणी सोमवारचंच खायचं होय?" त्यातही पालेभाजीत डुकराची हाडं शिजवलेली असतात असं कळल्यावर तिने ती यादीतून काढली. बाई म्हणाली, "हनी, तुझ्यासाठी वेगळी करते." परक्या देशात एखादीने स्वतःहून ‘वेगळी करते’ म्हटल्यावर शाकाहारी माणसाच्या डोळ्यांत जे पाणी येतं, ते शाकाहारी माणसालाच कळेल.

माझ्यापुढे जे आलं ते असं: कुरकुरीत तळलेलं कोंबडं, चवळी आणि भात, केकसारखी फुगलेली मक्याची भाकरी, आणि हिरवी पालेभाजी, भरपूर रस असलेली. अमेरिकेच्या दक्षिणेत ही भाजी कॉलर्ड नावाच्या पानांची करतात. इथे ती सहज मिळत नाही म्हणून बाई डॅनिश लोकांचा कुरळ्या पानांचा केल वापरते. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध डॅनिश जोडपं होतं. त्यातले आजोबा घास घेऊन थांबले आणि म्हणाले, "ही तर माझ्या आजीची नाताळची भाजी. फक्त साय घालायची राहिली." चुलीपाशी गेलं की सगळ्या आज्या एकमेकींच्या मावसबहिणी निघतात.

मी कोंबडीचा दुसरा तुकडा उचलला आणि इथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. दोष भिंतीवरच्या एका चौकटीचा. तिथे बाईने या जेवणाची हकीकत लिहून लावली होती. आता, जेवताना वाचू नये असं आमचे वडील सांगत. त्यांचा उद्देश पचनाचा होता, पण सल्ला इतर बाबतींतही बरोबर आहे.

हे जेवण गुलामांचं. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून निसटलेला पुरुष. त्याने १८४५ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात शिध्याचा हिशोबच दिलेला आहे: महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल मक्याचं पीठ, म्हणजे वीस-बावीस किलो. त्यावर राबायचं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. डुकराचा चांगला भाग मालकाच्या टेबलावर. गुलामांकडे पाय, कान, शेपूट, आतडी. मग त्या आतड्यांचं काय करायचं ते बायकांनी शोधून काढलं. चवळी आणि भेंडी त्यांच्याच लोकांबरोबर, त्याच जहाजांतून, आफ्रिकेतून अमेरिकेला गेलेली. मालक पालेभाजी खाई आणि उरलेला रस टाकून देई, तो रस भाकरीबरोबर ओरपून यांची पोरं वाढली, असं सांगतात. भाजीतलं सत्त्व बरंचसं त्या रसातच उतरलेलं असतं, हे मालकाला माहीत नव्हतं. पुढे, विसाव्या शतकात, साठ लाखांच्या आसपास माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली आणि डबे बांधून ही चव बरोबर नेली. ‘सोल’ हे नाव तिला सर्रास मिळालं १९६० च्या सुमारास, गाण्याला मिळालं तेव्हाच.

आणि हे मी खात होतो दोन हजार रुपयांना. (गुणलं होतं. बाराने.)

प्रश्न असा: ज्या जेवणात कोणाची तरी सक्तीची उपासमार शिजलेली आहे, ते चवीने खावं का? ‘वा, काय मस्त झालंय!’ म्हणावं का? म्हटलं तर दुसऱ्याच्या हालांना दाद दिल्यासारखं होतं, आणि न म्हणावं तर समोर बाई पंचा घेऊन उभी आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार केला तर माणूस उपाशी मरेल. खरं आहे. दुःखातून आलेले पदार्थ वगळायचे ठरवले तर जगातली निम्मी स्वयंपाकघरं बंद करावी लागतील. आमची झुणका-भाकर घ्या. घरात भाजी नाही, पाहुणा दारात, तेव्हा बेसन कालवून निभावून न्यायचं, यातून ती आली. १९९५ साली सरकारने ती एक रुपयात द्यायची योजना काढली. आता तीच वातानुकूलित हॉटेलात पितळी ताटात येते, वर मिरचीचा ठेचा, शेजारी फेटा बांधलेला वाढपी, आणि बिलात जीएसटी वेगळा. गरिबीला चव असते, पण ती दुसऱ्याच्या गरिबीला जास्त असते. ज्याने दुष्काळात मिलो खाल्ला आहे, तो हौसेने मिलो मागवत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, थंड होतंय. इथले लोक कसे शांतपणे खातायत बघा."

तेच तर मी बघत होतो. कारण इथल्या लोकांना या थाळीपासून हात झटकता येण्यासारखे नाहीत. डेन्मार्क म्हटलं की आपल्याला अँडरसनच्या परीकथा, लोणी आणि सायकली आठवतात. पण वेस्ट इंडीजमधली सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही बेटं या राज्याची होती, आणि डॅनिश जहाजांनी आफ्रिकेतून एक लाखाच्या वर माणसं ऊस तोडायला नेली. हा व्यापार बंद करण्याचा हुकूम १७९२ साली निघाला. युरोपात पहिला म्हणून त्याचं कौतुक होतं. मात्र अंमल १८०३ पासून! मधली दहा वर्षं मळेवाल्यांना गुलामांचा साठा करून घेण्यासाठी, आणि त्यासाठी सरकारी कर्जाची सोय. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ दरवर्षी पाडव्यापासून तंबाखू सोडतात आणि शिमग्यापासून पुड्यांचा साठा करायला लागतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त पुड्यांच्या जागी माणसं. गुलामांनी बंड केल्यावर ३ जुलै १८४८ ला गुलामी संपली, पुढे भरपाई मिळाली ती मालकांना, आणि १९१७ साली ती बेटं अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. आपल्याकडचं तरंगमबाडी नाही का, १६२० पासून डॅनिश होतं, ते १८४५ मध्ये इंग्रजांना विकून टाकलं. घर आवरताना जुनी भांडी मोडीत काढावीत तसं.

तर त्या बेटांवर आजही मक्याच्या पिठात भेंडी घालून उकड करतात आणि माशाबरोबर खातात. म्हणजे समोरच्या थाळीतलीच जोडी. आणि गंमत पहा, तिथेच ‘रेड ग्राउट’ नावाचं एक गोड असतं. ते मूळचं डॅनिश, लाल फळांची खीर. तिचं डॅनिश नाव उच्चारायला लावून हे लोक परदेशी माणसाची फजिती करतात. तोंडात गरम बटाटा धरून ‘रोधग्रोध’ म्हणायचा प्रयत्न करा, साधारण जमेल. बेटांवर डॅनिश फळं कुठली, म्हणून पेरू आणि साबुदाण्याच्या जातीचा टॅपिओका घालून ती खीर करतात. डॅनिश गेले, शंभर वर्षं उलटली, खीर तिथेच. ज्यांच्या पाठीवर मालकाने चाबूक ओढला त्यांच्या पणतवंडांनी मालकाची खीर टाकून दिली नाही. चूल हिशोब ठेवत नाही, की आपल्याला वाचता येणार नाही असा ठेवते? मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढ्यात बाई आलीच. माझी अर्धी थाळी बघून तिने विचारलं, "काय झालं? मीठ कमी आहे?"

अशा वेळी मुत्सद्दी माणूस पोटाचं कारण सांगतो. पण परदेशात माणूस उगाच खरं बोलतो. मी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवून माझी अडचण सांगितली: हे सगळं वाचल्यावर चव घेणं बरं वाटत नाही.

बाईने खुर्ची ओढली. ती जॉर्जियातली. नवरा डॅनिश, म्हणून इथे. ती म्हणाली, "माझ्या आजीने हे वाचलं असतं ना, तर तिने तुम्हाला लाटण्याने मारलं असतं. आजी रविवारी चर्चमधून येऊन दहा माणसांचा स्वयंपाक करायची. ती दुःख शिजवत नव्हती. ती जेवण शिजवत होती. दुःख होतं ते शिध्यात. तो मालकाने दिला. स्वयंपाक आमचा. शिध्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं तर खुशाल घ्या, पण स्वयंपाकाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, माझा अपमान होतो."

मी मोठमोठ्या विद्वानांची नीतिशास्त्रावरची व्याख्यानं ऐकलेली आहेत, पण शिधा आणि स्वयंपाक हा भेद कोणी केल्याचं आठवत नाही. मला तो पटला. तरी पूर्ण नाही. कारण शेवटी शिध्याची गोष्ट चौकटीत भिंतीवर जाते आणि स्वयंपाक तेवढा बिलात येतो. जो फक्त स्वयंपाकाचे पैसे देऊन उठतो, त्याच्या खात्यावर शिधा बाकी राहतो का? हे मी बोलून दाखवलं नाही. मुकाट्याने भाजीचा रस भाकरीने पुसून घेतला. फार चांगला होता.

मग बाईने आमची परीक्षा घेतली. "तुमच्याकडचं सोल फूड कोणतं?"

सौभाग्यवती तत्काळ म्हणाली, "पुरणपोळी." आणि हातवारे करून पुरण कसं शिजवायचं, कणीक किती तिंबायची, हे सगळं सांगून झालं. बाईने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "छान आहे. पण हे तर सणाचं, सुखवस्तू लोकांचं वाटतं. ज्यांना उरलेलं मिळायचं, ते काय करायचे?"

आम्ही दोघांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने मेणबत्तीकडे पाहिलं.

उत्तर नव्हतं असं नाही. महाराष्ट्राने अमेरिकेतल्या गुलामांची दखल फार लवकर घेतली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथे गुलामी संपवणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. विचारांची टपाल-वाहतूक उत्तम चालू होती. पण ताटांची? कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि मध्यमवर्गीय घरात पोथीच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यात जे नाही, ते शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर पुस्तक लिहून २०१५ साली सांगितलं. नाव ठेवलं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. एका ‘अ’ने आमच्या जेवणाआधीच्या श्लोकाचा सगळा डौल उतरवला. त्यात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, वाट्याला आलेलं काही वाया जाऊ न देण्याच्या तऱ्हा आहेत, तेल नसताना फोडणीचं काय करायचं ते आहे. शिधा कोणी दिला, तेही आहे. जॉर्जियातल्या आजीला ते पुस्तक वाचून दाखवलं असतं तर तिने प्रत्येक पानाला मान डोलावली असती.

आमच्या गावात ती वस्ती आळीपासून चारशे पावलांवर होती. संध्याकाळी वारा तिकडून आला की आळीतल्या खिडक्या लागत. तिथे काय शिजतं, हे आळीत कोणाला माहीत नव्हतं. ‘वास’ एवढाच शब्द त्याला पुरत असे. त्या वासामागे दहा माणसांचा स्वयंपाक करणारी एखादी आजी असेल, ही शक्यता कोणाच्या हिशोबातच नव्हती. आणि आता आम्ही साडेसहा हजार किलोमीटर विमानाने जाऊन, परक्या वस्तीचं जेवण मेणबत्तीच्या उजेडात खात होतो, आणि ते किती नैतिक आहे याची चिंता करत होतो. हेलसिंगोरच्या जुन्या राजाने मला गाठून ‘या थाळीची किंमत सांग, त्या किमतीला मी घेतो’ असं म्हटलं असतं, तर मला आकडा सांगता आला नसता. एकशे पासष्ट क्रोनर हे नक्कीच उत्तर नव्हतं.

पण हे सगळं बाईला सांगायला माझी इंग्रजी अपुरी आणि हिची सहनशक्ती त्याहून अपुरी. तिने माझ्या बोलण्याची वाट न पाहता पर्स उघडली. आमच्या हिच्या पर्समध्ये प्रवासात हिंगाची डबी असते. परदेशी पोटाचा भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. ती डबी तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चवळीत चिमूटभर घाला. वायू होत नाही." भाच्याने वायूचं भाषांतर करताना जो त्रास घेतला तो पाहण्यासारखा होता.

बाईने झाकण उघडलं, नाक पुढे केलं, आणि खुर्चीसकट हातभर मागे सरकली. शेजारचे डॅनिश आजोबा घास हातात धरून खिडकीकडे पाहू लागले. "हनी," बाई म्हणाली, "हे जिवंत आहे की मेलेलं?"

"तेलात घातलं की कळेल," ही म्हणाली.

मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. फोडणीचा आवाज आला, पाठोपाठ खोकल्याचा, मग दोघींच्या हसण्याचा. आजोबांनाही वाटीभर चवळी मिळाली. त्यांनी ती खाल्ली, थोडा विचार केला आणि आणखी मागितली. निघताना बाईने हिला मिठी मारली, रताळ्याच्या पायचा एक तुकडा कागदात बांधून दिला, आणि हिंगाची डबी मात्र परत केली नाही. "ही मी ठेवून घेणार," ती म्हणाली. "शिकून घेते." आणि ती डबी तिने दोन बोटांत धरून, जपून, खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली.